पौर्णिमेचं सांगणं

माणसांनी नदीला अजून नाव दिलं नव्हतं, तेव्हा तिच्या काठी रेवा नावाची पाणमांजर राहायची. तिचा मासळीचा धंदा होता. दर पौर्णिमेला ती सगळ्यांना बोलावून सांगायची, किती मासे धरले, किती पिल्लं सोडून दिली आणि आपल्या हातून नदीचं काय बिघडलं.

एकदा मासे ओढून नेताना तिच्या पायाखाली कासवआजीची वाळूतली अंडी फुटली. कुणी पाहिलं नव्हतं.

"आपली चूक चव्हाट्यावर कशाला मांडायची?" नवरा कळवळून म्हणाला. "गिऱ्हाईक तुटेल. पोरं खातील काय?"

रेवालाही भीती वाटत होती. तरी पौर्णिमेला तिनं रडत रडत सगळं सांगितलं आणि पुन्हा वाळूतून वाट न करण्याचा शब्द दिला. कासवआजी पाठ फिरवून निघून गेली. पाठोपाठ बरीच गिऱ्हाइकंही गेली.

उन्हाळ्यात नदी आटली. खोल पाणी उरलं ते फक्त कासवआजीच्या डोहात. मगर तिथं आधीच जागा मागत होती. रेवा पिल्लांना घेऊन मागेच थांबली.

"तू ये, बाई," कासवआजी म्हणाली.

"आजी, मी? तुमची अंडी..."

"ते दुःख आहेच गं. पण ते मला तुझ्याच तोंडून कळलं. ही मगर म्हणते, तिच्या हातून आजवर काही चुकलंच नाही. तिच्या शेजारी मला झोप कशी लागायची?"

आजीनं थारा दिल्यावर जुनी गिऱ्हाइकंही हळूहळू डोहावर आली. रेवाचं धाकटं पिल्लू तर आजीच्या पाठीवरच झोपायचं, आणि ते जागं होईपर्यंत आजी हलायची नाही.