जीपचा खटका आणि पाळण्याची कडी

करंजवाडीवरून खाली दवाखान्यात जायला एकच गाडी होती, सुगंधाच्या नवऱ्याची जुनी फोर-व्हील जीप. तिच्या पोटातून 'खट्' आवाज येऊ लागला आणि सुगंधाचा जीव टांगणीला लागला, कारण आठ महिन्यांच्या लेकीला वरचेवर धाप लागायची.

तालुक्याचे शंकरराव मिस्त्री म्हणजे बडं प्रस्थ. बॉनेटला टेकूनच त्यांनी निकाल दिला, "गिअरबॉक्स गेला. बदलावा लागेल. गाडी पंधरा दिवस इथंच राहील."

सुगंधानं लेकीला छातीशी धरलं. आठवडाभर मागच्या सीटवर बसून तिनं तो आवाज ऐकला होता.

"मिस्त्री, एकसारखी चालताना गाडी वाजत नाही. आमचे हे ॲक्सिलेटर दाबतात नाहीतर सोडतात, तेव्हाच वाजते. कडी झिजली की घरचा पाळणापण झोका उलटतानाच वाजतो."

"वहिनी, ही गाडी आहे, पाळणा नाही." गॅरेजात हशा पिकला.

"असू दे. इंजिन बंद करा, चाकांना दगड लावा आणि चाकांकडे जाणारा खालचा लांब शाफ्ट हातानं पिळून बघा."

तिला खोटं पाडायला मिस्त्री हौसेनं गाडीखाली शिरले. शाफ्ट पिळला, खट्. उलटा पिळला, परत खट्. गिअरबॉक्स धडधाकट होता. शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस, म्हणजे फुलीच्या आकाराचा जोड, तेवढा झिजून खिळखिळा झाला होता. बदलायला तासाभराचं काम.

मिस्त्री हात पुसत बाहेर आले. "कुठल्या गॅरेजात शिकलात?"

"पाळण्याजवळ," सुगंधा म्हणाली. "तो वाजला की आम्ही कडी बदलतो, मिस्त्री. पोर बदलत नाही."