भिवराची पाटी कुणापुढे?

"यंदा थोरल्या शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाने ज्योतिषच शिकायचं! दुसरा विषय घ्यायचाच नाही!" तांबडगडाचा राजा मल्लदेव याने फर्मान काढलं.

कारण काय, तर राणीसाहेबांचा उडालेला पोपट! "तिन्हीसांजेच्या आत परत येईल," असं राजजोशी हेरंबशास्त्री बोलले आणि पोपट खरंच आला. तो ग्रहांमुळे आला की पेरूच्या फोडीसाठी, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. राजा मात्र भलताच खूश झाला. आणि हा राजा खूश झाला की सगळ्या राज्याला घाम फुटायचा.

तांबडगडाची रीत मोठी छान होती. पाडव्याच्या दिवशी दरबारात सगळे गुरुजी ओळीने बसत. ज्याला जे शिकायचं असेल त्याने त्या गुरुजींपुढे आपली पाटी आपल्या हाताने ठेवायची. बळजबरीने ठेवलेली पाटी गुरुजी उचलत नसत. यंदा फर्मानाच्या धाकाने मुलांनी आपणहूनच पाट्या ठेवल्या आणि हेरंबशास्त्र्यांपुढे नुसता ढीग लागला. वैद्यबुवा माश्या मारत बसले, आणि गणिताचे गुरुजी तर चक्क घोरू लागले.

शेवटी उरली भिवरा, नावाड्याची मुलगी. पाटी छातीशी धरून ती जागची हलेना.

"काय गं, पाटी जड झाली का?" राजा गरजला.

"नाही महाराज. मला बांधकाम शिकायचंय. आपल्या नदीवर पूल बांधायचाय. पूर आला की पलीकडच्या आजारी माणसाला अलीकडे आणता येत नाही. बाबा होडी घालत नाहीत, आणि घातली तर ते परत येईपर्यंत आई काळजीने जेवत नाही!"

"पुलाचं राहू दे! शास्त्रीबुवा, हिच्या नशिबात काय आहे?"

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले, बोटं मोजली आणि म्हणाले, "ज्योतिष! ही आत्ता माझ्यापुढेच पाटी ठेवणार!"

"ऐकलंस? शास्त्रीबुवांचा शब्द कधी खोटा ठरत नाही!"

"आणि ठरला तर?" भिवराने विचारलं.

मागे उभ्या असलेल्या नावाड्याने कपाळावर हात मारून घेतला.

"तर हवी तिथे पाटी ठेव!" राजा लालबुंद झाला. "पण आत्ता, इथेच त्यांना खोटं ठरवून दाखव. नाही जमलं तर सरळ घरी जायचं. शाळेचं तोंड पुन्हा बघायचं नाही!"

शाळा गेली तर सगळंच गेलं! भिवराने इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात वेळ मोजायची घटिका होती. पाण्याच्या घंगाळात तरंगणारी भोकाची वाटी. ती भरून बुडाली की सेवक टोल द्यायचा. वाटी अर्धी भरली होती.

"शास्त्रीबुवा, एकच सांगा. ही वाटी बुडायच्या आत मी तुमच्यापुढे पाटी ठेवीन की नाही?"

शास्त्रीबुवा 'ठेवशील' म्हणायला गेले आणि थबकले. भिवरा पाटी घट्ट धरून गालात हसत होती.

"म्हणजे... ग्रह अनुकूल असतील तर..."

"ग्रहांचं सोडा हो! ठेवणार की नाही?" राजा ओरडला.

वाटी आणखी खाली गेली. शास्त्रीबुवांनी पोट धरलं. "महाराज, पोटात कळ आली! वैद्यांना बोलवा!"

"समोरच बसलेत की!" भिवरा म्हणाली. "आत्ताच काय ते औषध घेऊन ठेवा. आता त्यांच्यामागे ती विद्या शिकणारं कुणी नाही!"

वैद्यबुवा खुदकन हसले. राजाच्या मिशा थरथरल्या. "पोरी, हा काय प्रकार आहे?"

"सोपं आहे, महाराज. शास्त्रीबुवा 'ठेवशील' म्हणाले, तर मी ठेवणार नाही. म्हणजे शब्द खोटा! आणि 'ठेवणार नाहीस' म्हणाले, तर मघाचा शब्द त्यांनी स्वतःच खोटा ठरवला!"

डुब्! वाटी बुडाली आणि टोल पडला. पाटी अजून भिवराच्याच हातात होती!

राजा असा खदाखदा हसला की गणिताचे गुरुजी दचकून जागे झाले. "शास्त्रीबुवा, पोपटाने तुमचं ऐकलं, पण ही काही ऐकायची नाही! जा पोरी, ठेव पाटी तुझ्या मनाला येईल तिथे! आणि तुम्ही रे सगळे? तुम्हाला काय हवंय ते घ्या!"

हे ऐकायचाच अवकाश, मुलं ढिगावर तुटून पडली. जो तो आपली पाटी ओढू लागला. ढिगात शेवटी तीन पाट्या उरल्या. त्या मुलांना खरंच ताऱ्यांचं वेड होतं, म्हणून शास्त्रीबुवांची पोटदुखीही थांबली.

भिवराने बांधकामाच्या गुरुजींपुढे पाटी ठेवली. राजाने तिला थांबवलं.

"पण काय गं शहाणे, पूल झाला तर तुझ्या बापाच्या होडीत बसणार कोण?"

"कुणीच नाही, महाराज! पण पुलाचा दगड आहे पलीकडच्या डोंगरात. तो अलीकडे कोण आणणार? बाबाच की!"

राजा पुन्हा पोट धरून हसला. "दगड माझा, वाहतूक तुझ्या बापाची! आणि पूल झाला की त्यावरची राखणदारीची चौकीही त्याचीच! आता तरी जेवेल ना तुझी आई?"