राही चितारीण आणि वावटळवीराचा शेला

एक होती चितारीण. तिचं नाव राही. डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याशी तिचं घर होतं. घरात माणसं दोनच, राही आणि तिचे म्हातारे वडील. वडील गोष्टी रचायचे आणि राही चित्रं काढायची. गेरूचा लाल, काजळीचा काळा, हळदीचा पिवळा. पानापानावर चित्र आणि चित्राखाली दोन ओळी. अशा चित्रांच्या पोथ्या तिनं बाजारात मांडल्या, की पोरांची ही झुंबड उडायची!

सगळ्यांत लाडकी पोथी होती वावटळवीराची. हा वावटळवीर कसा? तर एका हातानं भलंमोठं वजन उचलणारा. बंद खोलीत बसून बाहेरचं बघणारा. आणि लाल शेला पाठीवर सोडून आभाळात उडणारा. ऐटबाज अगदी!

किल्ल्यावर राजाची एकुलती एक मुलगी होती. नाव अंबिका, पण सगळे तिला अंबूच म्हणायचे. वय वर्षं आठ. वावटळवीराची पोथी तिला तोंडपाठ होती, बरं का. मग एके दिवशी तिनं काय केलं? आईचा लाल शेला गळ्याशी बांधला, पागेच्या छपरावर चढली, आणि दिली उडी! खाली गवताची गंजी होती म्हणून वाचली. पण डावा हात मोडलाच.

राजा लालबुंद झाला. राहीला किल्ल्यावर बोलावून घेतलं.

"तुझ्या चित्रापायी माझी पोर मरत होती! जाळून टाकीन सगळ्या पोथ्या!"

पोथ्यांचं राहीला काही वाटलं नाही. पण मोडका हात गळ्यात बांधलेली ती इवलीशी पोर बघून तिला स्वतःचाच राग आला. कुणी खरंच उडी मारेल, असं तिच्या ध्यानीमनीसुद्धा आलं नव्हतं.

ती अंबूपुढे बसली. म्हणाली, "ताईसाहेब, ती नुसती गोष्ट आहे हो. सगळं खोटं."

अंबूनं मान उडवली. "तू बाबांना घाबरून तसं म्हणतेस, राहीमावशी. छप्पर ठेंगणं होतं, म्हणून मला उडता आलं नाही. हात बरा झाला की मी बुरुजावरून उडी मारणार."

बुरुज म्हणजे किती उंच? खाली बघितलं तर गाई मुंग्यांएवढ्या दिसायच्या. राजाचा राग कुठल्या कुठे गेला. तो हळूच राहीला म्हणाला, "बाई गं, तीन दिवस घे. काय वाटेल ते कर. पण हिच्या डोक्यातून ते काढ."

राहीनं रात्रभर विचार केला. खोटं म्हटलं तर पोर ऐकत नाही. मग त्यातलं खरं किती, तेच तिला दाखवावं.

पहिल्या दिवशी तिनं अंगणात एक धोंडा मांडला. धोंड्यावर सागाचा लांबलचक वासा आडवा टाकला. एका बाजूला वासा हातभर, दुसऱ्या बाजूला चांगला बारा हात. मग राजाला म्हणाली, "महाराज, या आखूड टोकावर बसा." राजा म्हणजे अंगानं भक्कम माणूस, बासुंदीचा शौकीन. तो बसला. अंबूनं उजव्या हातानं लांब टोक खाली दाबलं. आणि काय आश्चर्य! महाराज वर! अंबू खदखदून हसली.

राही म्हणाली, "आता बघा ताईसाहेब, महाराज किती वर गेले? चार बोटं. आणि तुमचा हात किती खाली आला? अठ्ठेचाळीस बोटं. जोर कमी लागला, पण वाट बारा पट चालावी लागली. फुकट काही मिळालं नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं एका खोलीची दारं-खिडक्या गच्च लावून घेतल्या. काळामिट्ट अंधार. खिडकीच्या फळीला मात्र वाटाण्याएवढं एक भोक पाडलं. जरा वेळ गेला, आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर बाहेरचा रस्ता दिसायला लागला! झाडं, माणसं, पाण्याची पखाल घेऊन जाणारा रेडा. पण सगळं उलटं, बरं का! रेड्याचे पाय वर आणि पाठ खाली!

अंबू ओरडली, "म्हणजे वावटळवीराला बाहेरचं दिसतं ते खरं?"

"भिंतीला भोक असेल तर खरं," राही म्हणाली. "आपली नजर बाहेर जात नाही, उजेड आत येतो. तो सरळ रेघेत चालतो. वरचा उजेड भोकातून खाली उतरतो, खालचा वर चढतो. म्हणून चित्र उलटं."

अंबू त्या दिवशी जेवायलासुद्धा उठली नाही. रेडा परत येईपर्यंत बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी राही पातळ कागदाची एक मोठी पिशवी घेऊन किल्ल्यावर आली. बघते तर काय, धावपळ! अंबू कुठेच नाही. राहीला कळून चुकलं, की पोरीनं मनाशी हिशेब केला असणार. पहिलं खरं निघालं, दुसरं खरं निघालं, मग तिसरंही खरंच! हात बरा व्हायची वाट कशाला बघायची?

राही पिशवी तशीच काखोटीला मारून धावत सुटली. बुरुजाच्या पायऱ्या तिनं दोन-दोन करून चढल्या. वर अंबू कठड्यावर उभी होती. पाठीवर लाल शेला. काखेत तिची लाकडाची बाहुली, ठकी. वारा भणभण वाहत होता.

राहीला वाटलं, झडप घालून धरावं. पण धरायला गेलं आणि ही दचकली तर? ती होती तिथंच थांबली. 'ताईसाहेब' म्हणायचंसुद्धा विसरली.

"अंबू बाळ, तो शेला मी का काढला, सांगू? पाठीमागं कागद रिकामा दिसत होता, म्हणून. दुसरं काही कारण नाही गं."

अंबूनं मान वळवली. "पण उडता तर येतं ना?"

"आपण बघून घेऊ. कालपर्यंत आपण सगळं करून बघितलं ना? मग हेही करून बघू. आधी ठकीला उडव. तुझ्या पाठीवर तुझ्याएवढा शेला, तिच्या पाठीवर तिच्याएवढा."

अंबूला ते पटलं. करून बघायची तिला आता गोडीच लागली होती. ती कठड्यावरून आत उतरली. राहीनं आपल्या पदराची चिंधी फाडली आणि ठकीच्या गळ्याशी बांधली. मग अंबूनं ठकीला वाऱ्यावर सोडलं.

चिंधी फडफडली, पण ठकी धोंड्यासारखी खाली गेली. खालच्या कातळावर आपटली आणि तिचे तुकडे तुकडे झाले.

अंबू कितीतरी वेळ खाली बघत राहिली. मग तिनं गळ्याशी बांधलेली गाठ एका हातानं सोडायला घेतली. सुटेना. राहीनं सोडवली. तशी अंबू तिच्या कुशीत शिरली आणि ठकीसाठी हमसून हमसून रडली. राही पोरीला घेऊन तिथंच खाली बसली. तिचेही डोळे वाहत होते. पोर हाताशी होती. उबदार होती. बास, आणखी काय हवं?

मागून राजा धापा टाकत आला. त्यानं दोघींना बघितलं आणि तोही फरशीवर बसला. राजा असून, मुंडासं वाकडं झालेलं, तरी बसला.

रडू ओसरल्यावर राहीनं बुरुजावरच्या पहारेकऱ्यांच्या देवडीत, वारा लागणार नाही अशा जागी, ती कागदाची पिशवी उघडली. तिच्या तोंडाशी बांबूची कडी होती, कडीत तेलात भिजवलेला चिंध्यांचा बोळा. बोळा पेटवला. आतली हवा तापली, पिशवी फुगली, आणि हळूहळू निघाली की वर! देवडीच्या थेट छताला जाऊन टेकली.

"तेल पाण्यावर तरंगतं ना," राही म्हणाली, "तशी तापलेली हवा थंड हवेवर तरंगते. उडणं आहे, अंबू. पण ते शेल्यात नाही."

अंबूनं नाक पुसलं. "मला उचलायला केवढी पिशवी लागेल?"

"दरबाराच्या दालनाएवढी."

"मग शिवू या."

राजानं कपाळाला हात लावला. म्हणाला, "शिव बाई, शिव! पण दोर बांधायचा, आणि दोर मी धरणार!"

पिशवी शिवायला सात वर्षं लागली, बरं का. कितीदा फाटली, दोनदा जळली. पण एका थंडगार सकाळी अंबू झाडांच्या शेंड्यांएवढी वर गेली, आणि खाली बासुंदीवाले महाराज दोन्ही हातांनी दोर घट्ट धरून उभे होते.

पण त्या तिसऱ्या दिवशी राही घरी आली, तेव्हा वडिलांनी विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "पोर वाचली, बाबा." मग तिनं ताकभात खाल्ला आणि भर दुपारी, चटईसुद्धा न घालता, गाढ झोपली. सगळे सुखात राहिले. आता पाय आत घ्या, पांघरुणं ओढा, आणि मिटा बघू डोळे.