येसबा कोणालाच ओळखत नाही

एका गावात एक भोळा माणूस होता, येसबा. सांगाल तेवढंच करायचा, आणि सांगाल तसंच. त्याच्या बायकोला, गोदाला, एकच हौस. नवऱ्याने एकदा तरी चावडीवर पंच म्हणून बसावं आणि पंचाचा फेटा बांधून घरी यावं.

पंच नेमण्याआधी पाटील प्रश्न विचारायचे. भांडणाऱ्यांना ओळखतोस का? त्यांच्या घरी जेवलास का? निकाल आधीच ठरवलायस का?

दोन भावांच्या बांधाच्या भांडणात येसबाला बोलावणं आलं. तो म्हणाला, "वळखतो की. दोघांकडं जेवलोय. निकालाचं म्हणाल, तर आमटी धाकट्याकडची चांगली."

पाटलांनी त्याला घरी धाडलं.

गोदा म्हणाली, "अवं, असं इचारलं की सांगायचं, वळखत न्हाई, कधी जेवलो न्हाई, मन कोरं हाय."

"बरं," येसबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सासरे आले. "काय जावईबापू, वळखलं का?"

"वळखत न्हाई. तुमच्याकडं कधी जेवलो न्हाई. मन कोरं हाय."

सासरे आल्या पावली परत गेले. गोदाने कपाळावर हात मारला. "हे घरी न्हाई बोलायचं. चावडीवर बोलायचं."

"बरं."

मग त्यांची म्हैस चोरीला गेली. घर चालायचं ते तिच्याच दुधावर. ती सापडली शेजारच्या गावात, रावजीच्या गोठ्यात. रावजी म्हणे, म्हैस माझीच. गोदा तडक तिथल्या चावडीवर गेली. येसबा रमतगमत मागून पोचला.

दोन पंच गोदाच्या बाजूने, दोन रावजीच्या. पाचवा मिळेना, कारण बाकीचं सगळं गाव रावजीच्या पोराच्या लग्नात जेवलेलं. तिथल्या पाटलांना येसबा दिसला.

"पाव्हणं, या बाईला वळखता का?"

"वळखत न्हाई. हिच्या हातचं कधी जेवलो न्हाई. मन कोरं हाय."

"अवं पाटील, ह्ये माझं मालक हायत," गोदा रडकुंडीला आली.

"पंच फोडायला सगळे असंच सांगत्यात," पाटील म्हणाले आणि येसबाला फेटा बांधला.

तेवढ्यात चावडीवर आणलेल्या म्हशीने पुढे येऊन येसबाचा कान चाटला.

"बघा, म्हस धनी वळखती," गोदा म्हणाली.

येसबाने कान पुसला. "म्हस पंचाला लाडीगोडी लावती. ही बाईचीच शिकवण. म्हस रावजीची."

रावजी म्हैस घेऊन गेला. येसबा फेटा सावरत घरच्या वाटेला लागला. मागून गोदा डोळे पुसत चालली होती.

येसबा थांबला आणि हात जोडून म्हणाला, "बाई, निवाडा झाल्यावर पंचाच्या मागं मागं येऊ नये. घरी माझी बायको वाट बघत असंल."