मान न वळवणारा राजदूत

एका राज्यात येसोपंत नावाचे राजदूत होते. गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे, सांगणाऱ्याच्या गळ्याशपथ. आता असं राज्य कुठंच नव्हतं, हे निराळं. पण येसोपंत होते.

त्या दरबाराची एक रीत होती. महाराजांचा खलिता घेऊन दूतानं घराचा उंबरठा ओलांडला की मागे वळून पाहायचं नाही. थोरले अमात्य बहिरोपंत जातीनं निरोपाला येत आणि बजावत, "दूताची जीभ महाराजांची, पाय महाराजांचे, आणि मान तर महाराजांचीच. ती वळायची नाही." येसोपंतांची मान वीस वर्षांत वळली नव्हती. आईवेगळी लेक मथू चालायला लागल्यापासून दर खेपेला पायरीवर उभी राही, आणि पंत पाठमोरेच जात.

एकदा ते सावळगडच्या मांत्रिकराजाकडे तहाचा खलिता घेऊन गेले. राजानं तो ऐकून घेतला.

"हे तुमचे महाराज म्हणतात. पंत, तुम्ही काय म्हणता?"

"दूताला स्वतःचं म्हणणं नसतं."

"नसतं? मग तुमच्या घरीही कुणाला नसो."

पंत घरी येतात तो मथूची साळुंकी झालेली. दुसऱ्यानं उच्चारलेलं तेवढं बोले. स्वतःचं एक अक्षर नाही. पंतांनी तिला खांद्यावर घेतलं आणि आल्या पावली सावळगड गाठला.

मांत्रिकराजा म्हणाला, "तीन कामं करा, लेक घेऊन जा. माझ्या दोन नद्या शंभर वर्षं भांडताहेत. त्यांचा तह घडवा."

पंतांनी दोघींना सारख्या उंचीची आसनं दिली. आधी कोणी बसायचं यात तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी तह झाला.

"आता समोरचा डोंगर. तो कुणाला भेटत नाही. त्याचं उत्तर आणा."

पंत पायथ्याशी जाऊन बसले. ताटकळणं हा तर त्यांचा धंदाच. अकराव्या महिन्यात डोंगर कंटाळला आणि म्हणाला, "बरं आहे."

"तिसरं सोपं," मांत्रिकराजा म्हणाला. "लेकीशी स्वतःचं असं काही बोला. तीनदा चुकलात, तर तिचा दगड होईल."

पंतांनी अंगरखा नीट केला. "आमच्या महाराजांची अशी इच्छा आहे की..."

"महाराजांची अशी इच्छा आहे," साळुंकी म्हणाली, आणि तिचं एक पीस दगड होऊन खाली पडलं.

"दरबारच्या वतीनं..."

"दरबारच्या वतीनं." दुसरं पीस पडलं.

पंतांनी हात वर नेला. खांद्यावरचा जीव मुठीएवढा, ऊन ऊन होता.

"मथू, तू पायरीवर असायचीस ते मला कळायचं. वेशीपर्यंत मी मागून येणाऱ्या तुझ्या वाळ्यांचा आवाज ऐकत जायचो. वळलो असतो, तर पुढे गेलोच नसतो, बाळ."

साळुंकीनं यातला एक शब्दही परत म्हटला नाही.

"तुम्ही फार भरभर चालता, आबा," ती म्हणाली, आणि दुसऱ्या क्षणी नऊ वर्षांची पोर खांद्यावर आल्यानं पंत मटकन खाली बसले.

मांत्रिकराजानं पंतांनी आणलेल्या तहावर शिक्का उठवला. अमात्यांनी दरबारची रीत बदलली: दूतानं उंबरठ्यापाशी एकदा वळून पाहावं.

आता कबूल करायला हवं. नद्यांचं खरं, डोंगराचं खरं, साळुंकीचंही खरं. रीत बदलली, एवढं मात्र रचलेलं. अमात्य कधी रीत बदलतात होय? पंत आपले न विचारता वळून पाहत, आणि नेमकं त्याच वेळी बहिरोपंतांचं पागोटं डोळ्यांवर घसरे, आणि ते नीट करायला त्यांना चांगला वेळ लागे.