न दिसणाऱ्याची दाढी

“मी आता उरलोच नाही, बाबा. मग तुम्ही सांगत होता तसं झालं की नाही?”

हैबतीबाबा चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा लावत होते. समोरची खुर्ची रिकामी होती. आवाज त्या रिकाम्या खुर्चीतून आला.

बाबांचा हात थांबला नाही.

“कोण, सुभान का?”

“हो.”

“तीन वर्षं झाली.”

“हो.”

“बस.”

“बसलोच आहे.”

“मग बरं.”

पोरं पडद्यावर खेळ खेळतात ना, जग जळून गेल्यानंतरचा, त्या खेळातल्या जगातली ही गोष्ट. तिथं मोठी आग होऊन गेली आहे. शहरांची राख झाली आहे. आभाळ हळदीसारखं पिवळं. खेळणारा बंदूक घेऊन येतो, पेट्या फोडतो, निघून जातो. मागं जी माणसं उरतात त्यांना मात्र तिथंच पाणी भरायचं असतं, भाकरी थापायची असते, दाढी वाढली तर करून घ्यायची असते.

घाटातल्या एका मोडक्या टोलनाक्यावर अशी तीसेक माणसं राहत होती. पावती फाडायच्या खोक्यात हैबतीबाबांचं दुकान. बाबा न्हावी. पण वस्तीत कुणाला काही सुचेनासं झालं, की तो दाढीचं निमित्त काढून बाबांकडे यायचा.

सुभानचे आईबाप आगीत गेले. बाबांनीच त्याला वाढवला. वस्तरा धरायलाही शिकवला. ते काही त्याला जमलं नाही. तीन वर्षांमागं एक दिवस तो तणतणत निघून गेला. म्हणाला, इथं मला कोण विचारतं? काहीतरी होईन, मगच परत येईन.

आणि झाला की. डोंगराखालच्या लष्करी कोठारात त्याला एक कडं सापडलं. मनगटात अडकवून कळ दाबली की माणूस दिसेनासा. अंगावरच्या कापडांसकट. मागाहून अंगावर काही पडलं तर ते मात्र दिसायचं. धूळ बसली की झटकावी लागायची. पावसात तर बाहेरच पडता यायचं नाही.

वर्षभर तो असाच वस्तीच्या आसपास होता. लुटारू आले की त्यांच्या हातातली बंदूक आपोआप खेचली जायची आणि ते ओरडत घाट उतरायचे. ज्याची चूल पेटली नाही त्याच्या दारात दाण्याची पिशवी यायची. लोक म्हणू लागले, सावलीदेव पावला. नाक्याच्या आडव्या दांडीपाशी एका दगडाला शेंदूर लागला.

“तुम्हीच म्हणायचात ना, करावं आणि कळू देऊ नये? ‘मी’ गेला पाहिजे? घ्या. गेला.”

बाबांनी वस्तऱ्याची धार अंगठ्यावर बघितली.

“तो दगड बघितलास का?”

“बघितला की. काल नवा शेंदूर लावलाय. डाव्या अंगाला जरा ओघळलाय, पण बरा आहे.”

“रोज बघतोस?”

खुर्ची करकरली.

“… जाता-येता दिसतो.”

“हं.”

बाबांनी वस्तरा पुन्हा पट्ट्यावर लावला.

“एक मागायला आलोय, बाबा. दार आपटू नये म्हणून तुम्ही खाली ती चपटी बॅटरी लावून ठेवलीय.”

“कुणीतरी वाटसरू देऊन गेला. जड आहे. दाराला बरी.”

“ती दाराला लावायची नाही हो! माझ्या कड्यातली आणखी दोन दिवस पुरेल. पण ही… ही एकदा बसवली की संपत नाही. कडं मग निघतही नाही. कायमचं.”

“मला न सांगता नेली असतीस तर?”

“तुम्हाला कळलंही नसतं.”

“मग नेली का नाहीस?”

गेले चार दिवस सुभान दाराशी येत होता, बॅटरीकडे बघत होता आणि परत जात होता. चोरी त्याला जड नव्हती. लुटारूंच्या खिशातल्या विड्यासुद्धा त्यानं काढल्या होत्या. पण इथं हात पुढं होत नव्हता.

“तुम्ही द्यावी, असं वाटलं,” तो म्हणाला.

“आणखी काही?”

“… दाढी.”

“काय?”

“दाढी करून द्या. फार खाजते. एकदा कायमचा झालो म्हणजे कुणाकडं जाणार? आणि माझा हात तुम्हाला माहीतच आहे.”

बाबांना हसू आलं. दात नव्हते, त्यामुळं सगळं तोंडच हसलं.

“तू तर उरलाच नाहीस म्हणतोस.”

“हो.”

“मग ही वाढली कुणाची?”

सुभान काही बोलणार, तेवढ्यात धुरपदाबाई आत आली. शेजारच्या खोक्यात एकटी राहणारी म्हातारी. पायऱ्या चढून तिला धाप लागली होती आणि धाप लागली तरी तोंड थांबलं नव्हतं.

“हैबतीबाबा, कुणाशी बोलताय? वय झालं म्हणायचं. सरा, जरा टेकते त्या खुर्चीत.”

“तिथं नको! पाय मोडलाय तिचा.”

“माझाबी मोडलाय. पण मला कोण जपतंय?” ती उंबऱ्यावरच बसली. “दुपारी येऊन जा. वाकळ धुतलीय, पिळायला दुसऱ्या टोकाला माणूस पाहिजे.”

“सावलीदेवाला सांग की.”

“त्याला काय सांगू? परवा दाणे ठेवून गेला दारात. उपकार आहेत बाबा त्याचे, नाही कशाला म्हणू? पण देव कुठं वाकळीचं टोक धरतोय! सुभान्या होता तेव्हा धरायचा मेला. उलटाच पीळ द्यायचा. मी इकडं पिळतेय, तोही इकडंच पिळतोय. तासभर पिळली तरी थेंब गळेना!”

ती हसली. हसता हसता पदरानं डोळे पुसले.

“कुठं असंल हो तो?”

“असेल कुठंतरी,” बाबा म्हणाले.

“बारकं पोर होतं तेव्हा माझ्या चुलीपुढं बसून भाकरीचा करपलेला पापुद्रा मागायचं. आता दाणे आलेत, तर भाकरी थापते आणि पापुद्रा मागायला कुणी नाही. या दुपारी. विसराल.”

ती उठली आणि कठड्याला धरत उतरून गेली.

खुर्ची करकरली.

“वाकळीचं टोक मी जाऊन धरतो,” सुभान म्हणाला. “तिला दिसणार नाही.”

“धर. वाकळ हवेत उभी राहिली आणि उलटा पीळ बसायला लागला, की म्हातारी जागच्या जागी बसेल.”



बाबांनी वाटीत पाणी घेतलं, साबण घोळला. डाव्या हातानं हवेत चाचपून सुभानची हनुवटी धरली. हनुवटीखाली जुनी खोक होती. पोरपणी सुभाननं वस्तरा उलटा धरला तेव्हाची. बाबांचा अंगठा त्या खोकेवर जाऊन थांबला, मग पुढं सरकला.

ब्रश फिरू लागला. आधी हवेत नुसती एक पांढरी रेघ दिसली. मग एक गाल, मग ओठांभोवतीचा गोल, मग दुसरा गाल. खुर्चीच्या वर अर्धा चेहरा फेसानं उभा राहिला. डोळे नव्हते, कपाळ नव्हतं, पण चेहरा होता.

बाबा ब्रश धरून तसेच बघत राहिले…

“काय झालं?”

“बारीक झालास.”

“हे कसं कळलं?”

“फेस कमी लागला.”

सुभाननं मान खाली घातली. फेसाचा चेहराही खाली झुकला. आपलं काय चाललंय हे समोरच्याला दिसतंय, ही गोष्ट वर्षभरात त्याच्या वाट्याला आली नव्हती. त्यानं तोंड फिरवलं.

“हलू नकोस. हातात वस्तरा आहे.”

वस्तरा कानापासून खाली आला. जिथून वस्तरा जाई तिथला फेस जाई, आणि जिथला फेस जाई तिथला सुभान जाई. बाबांनी वस्तरा फडक्याला पुसला. कापलेले केस अंगावेगळे होताच दिसू लागले. बाबांनी ते फडकं उजेडात धरलं.

“दोन पांढरे आहेत.”

“माझे?”

“माझे तर सगळेच पांढरे आहेत.”

एक गाल गेला. बाबा दुसऱ्या गालाकडे वळले. आता ते फार हळू करत होते. केसागणिक थांबत होते. दुकानात गर्दी असली तर बाबा जेवढ्या वेळात तीन दाढ्या करायचे, तेवढ्या वेळात हा एक गाल निम्मा झाला नव्हता.

“बाबा, हळू करताय.”

“वस्तरा बोथट झालाय.”

सुभानला माहीत होतं. तो वस्तरा बोथट नव्हता. सुभान आत आला तेव्हापासून बाबा धारच लावत होते.

“बाबा…”

“हं.”

“दिसलो तर सुभानच दिसेन हो.” त्याचा आवाज बारीक झाला होता. “सावलीला लोक शेंदूर लावतात. मी तोच आहे असं कळलं तर म्हणतील, अरे, हा होय! पाणी सांडणारा. उलटा पीळ देणारा. सुभानला कोण शेंदूर लावणार?”

बाबांनी दोन बोटांनी त्याची हनुवटी वर उचलली.

गळा उघडा पडला. वस्तरा गळ्यावरून, त्या खोकेला वळसा घालून, वर आला. वर्षभर जो कुणाच्या हाती लागला नव्हता तो गडी डोळे मिटून, गळा म्हाताऱ्याच्या वस्तऱ्याखाली देऊन बसला होता. आणि त्याला झोप येत होती. पोरासारखी.

मग ओठाखालचा फेस गेला. मिशीखालचा गेला. समोरून बघितलं तर खुर्ची पहिल्यासारखी रिकामी झाली. बाबांनी तुरटी फिरवली, आणि ती चरचरली तेव्हा हवेतून “स्स…” असा आवाज आला.

“झाली,” बाबा म्हणाले.

ते गुडघ्यावर हात टेकून वाकले, दाराखालची बॅटरी काढली आणि पुढं धरली. दार वाऱ्यानं आपटलं. त्यांनी ते पायानं अडवलं.

“घे.”

“देताय?”

“मागितलीस ना.”

“काही सांगणार नाही?”

“काय सांगू?”

“नको म्हणा. रागवा तरी.”

“तुझं मनगट आहे, सुभान.”

बॅटरी बाबांच्या तळहातावरून उचलली गेली आणि हवेत थांबली. मागाहून हातात घेतलेली म्हणून ती दिसत होती. सुभानला बाबांचा रिकामा तळहात दिसला. तो अजून पुढंच होता.

बाबांच्या पायावर दोन हात टेकले. उठले.

भिंतीवर दुकानाचा आरसा होता. सवयीनं सुभान त्यात बघायला वळला. आरशात मागची भिंत होती, बाबा होते, हवेत एक बॅटरी होती. आणि तिच्या वर, कानाच्या पाळीपाशी, बोटभर फेस राहून गेला होता.

चाळीस वर्षांत हैबतीबाबांच्या हातून कुणाच्या कानाशी फेस राहिला नव्हता.

सुभाननं तो पुसायला हात वर नेला. बाबांनी हवेत चाचपून तो हात धरला.

“राहू दे,” ते म्हणाले. “घाटाच्या वळणापर्यंत तरी दिसशील.”