तिसरा ठिपका

सह्याद्रीला अजून वाटा फुटायच्या होत्या, तेव्हाची गोष्ट. पालमावशी रानातल्या पतंगांची नोंद ठेवायची. सागाच्या खोडावर दोन पतंग बसले होते, दिसायला हुबेहूब एकसारखे. त्यातला पहिला तेवढा जहर कडू. पण ओळखणार कोण, म्हणून दोघांनाही कुणी तोंड लावत नसे.

"कडू पतंग, दोन," मावशीनं लिहिलं.

दुसऱ्याचा स्वाभिमान दुखावला. "मावशी, नीट बघा! आमचं घराणं वेगळं. हा पंखावर तिसरा ठिपका!"

"अरे, गप बस की," पहिला कुजबुजला.

"का म्हणून? आमची वेगळी नोंद झालीच पाहिजे!"

मावशीनं ठिपका निरखला, नवी ओळ आखली आणि ठसठशीत अक्षरांत त्याचं नाव लिहिलं. पतंगाची छाती फुगली.

"आता एकच रकाना उरला, बाळा," मावशी जिभल्या चाटत म्हणाली. "चव."